वरची रेघ

"तुझी सहा पत्रं खोटी आहेत," डॉक्टर म्हणाला, आणि एवढं बोलून त्याने हातातल्या सफरचंदाचा पुढचा घास घेतला. हा काही खरा डॉक्टर नव्हे. वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेला तीनदा बसून तीनदा हात हलवत परत आलेला, म्हणून वर्गाने ही पदवी त्याला परस्पर बहाल केली होती आणि त्यानेही ती मोठ्या मनाने घेतली होती. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून तो आणि त्याची वर्गातली जोडीदार बाहेरच्या बाकावर बसली होती. दुपारचे दोन वाजले असतील. समोरच्या खिडकीच्या काचेवर कुणीतरी बोटांचे ठसे घ्यायचा सराव करून ती तशीच काळ्या भुकटीने माखलेली सोडून गेलं होतं, आणि सफाईवाल्या मावशी त्या काचेकडे बघत, "शिकतात चोर पकडायला आणि घाण करतात चोरांपेक्षा जास्त," असं स्वतःशीच बोलत फडकं ओलं करत होत्या. ती मावशींचं बोलणं ऐकून हसत होती. त्यामुळे डॉक्टरचं वाक्य तिच्या कानावर पडलं खरं, पण आत शिरायला त्याला वेळ लागला.

न्यायसहायक विज्ञानाचं शेवटचं वर्ष, विषय दस्तऐवज-तपासणी. बाईंनी, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं मृत्युपत्रं, धनादेश आणि निनावी धमक्या भिंगाखाली घालून निवृत्त झालेल्या त्यांच्या शिक्षिकेने, सराव दिला होता. प्रत्येकाने एकाच माणसाच्या हातचे वीस कागद आणायचे, गेल्या दोन वर्षांतले, सहज म्हणून लिहिलेले. कुणाचे ते एका चिठ्ठीवर लिहून, सही करून, पाकीट बंद करून बाईंकडे द्यायचं. कागद जोडीदाराने तपासायचे आणि एकाच माणसाचं अक्षर किती बदलतं ते मांडायचं. कुणी खट्याळपणे मधे दुसऱ्याच्या हातचा कागद घुसडला तरी बाईंची ना नव्हती. जोडीदाराने तो ओळखला तर त्याला जादा गुण. डॉक्टरला वाटलं, तिनेही तेच केलं. "सापळा मस्त लावलास," तो म्हणाला. "दोन दिवस मला कळेना. ज्याने कुणी लिहिलीत ना, त्याला माझा नमस्कार सांग."

"कसला सापळा? वीसच्या वीस माझ्या आईची आहेत," ती म्हणाली. आपण हे थोड्या तोऱ्यात म्हटलं, हे तिला नंतर आठवलं आणि लागत राहिलं. डॉक्टरचा चेहरा उतरला. तिच्या पाकिटातल्या चिठ्ठीत तसंच लिहिलं असणार, म्हणजे जादा गुण राहिलेच, आहेत तेही जाणार, हा हिशेब त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. पण तो हट्टी होता. उरलेलं सफरचंद त्याने रुमालात गुंडाळलं, पँटला हात पुसले आणि म्हणाला, "आत चल. मी चुकलो असेन तर तूच दाखव."

आईची पत्रं. फोन असताना पत्रं कशाला, असं वसतिगृहातल्या सगळ्यांनी तिला विचारून झालं होतं. तिनेही आईला विचारलं होतं. फोनवरचं बोलणं हवेत जातं, कागदावरचं ट्रंकेत जातं, असं आईचं उत्तर. आई प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, चौतीस वर्षं. निवृत्त झाली तरी तिच्यातली मास्तरीण काही निवृत्त झाली नाही. दर पंधरवड्याला पार्सल यायचं. त्यात बदाम, सुईदोरा, एखादा साबण, वर्तमानपत्रातली गुन्ह्यांची कात्रणं, कारण लेक फॉरेन्सिक शिकते तर तिला उपयोगी पडतील, आणि सगळ्यांच्या वर चार पानी पत्र. पत्राची सुरुवात 'लेकीस' आणि शेवट 'बाकी सगळं ठीक आहे.' मधे शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं, गळका नळ, बाबांचा हट्टीपणा, आणि मोजे धुतेस का असा एक खडा सवाल. कात्रणांवरसुद्धा लाल पेनाने शुद्धलेखनाच्या चुका काढलेल्या. खुनाच्या बातमीत 'निर्घृण' चुकलं म्हणून समासात 'पुन्हा लिहा.' ही पत्रं खोटी म्हणायची तर मग जगात खरं काय, असं मनात म्हणत ती डॉक्टरच्या मागून आत गेली.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याने आधी एक जुनं पत्र सरकवलं. त्याचं म्हणणं साधं होतं. वळणं तीच, अंतरं तीच, 'क'चं पोट तसंच फुगीर, 'ळ' तसाच बुटका. सहाही पत्रांत नावं ठेवायला जागा नाही. "पण वरची रेघ बघ," तो म्हणाला. "बॉलपेन कागदात खोबण पाडतं. जी रेघ नंतर येते तिची खोबण आधीच्या रेघेला कापून सलग जाते. ही चौदा पत्रं घे. अक्षरं आधी लिहिलीत, आणि शब्द संपल्यावर वर एक रेघ मारलीय. आता हे." त्याने दुसरं पत्र सरकवलं. "इथे रेघ आधी. मग तिच्याखाली अक्षरं. दर शब्दाला. सहाही पत्रांत एकदासुद्धा चूक नाही. माणूस वळण बदलेल, घाईत असेल, आजारी असेल, पण हाताचा क्रम असा एका दिवसात उलटा होत नाही."

ती बघत राहिली. डोळा भिंगाला चिकटलेला, आणि त्या पिवळट गोलात निळ्या शाईची एक आडवी वाट, तिला खालून येऊन भिडलेल्या उभ्या वाटा. तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. ही रेघ तिने बोटभर जाडीची, हातभर लांबीची, भिंतीएवढी पाहिली होती. बाबा बोर्ड रंगवायचे. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे. बोर्ड कितीही लहान असो, ते आधी निळ्या भुकटीत घोळवलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधोमध टिचकी मारून सोडायचे. फट्ट आवाज व्हायचा आणि पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटायची. मग तिच्याखाली एकेक अक्षर. "आधी तार बांधायची, मग कपडे वाळत घालायचे," असं ते म्हणायचे. यावर घरात तिच्या जन्माच्या आधीपासून वाद चालू होता. आईच्या मते हे अडाण्याचं लिहिणं. आधी माणसं आत घ्यायची आणि मग वर छप्पर घालायचं, शिरोरेषा नेहमी शेवटी, एका दमात. बाबा म्हणायचे, तुझं छप्पर उताराचं येतं. आई म्हणायची, तुमच्या तारेवर कधीकधी एक कपडा जास्त होतो आणि मग तो बोर्डाच्या कडेला लोंबतो. दोघंही बरोबर होती. लहानपणी ती या दोघांच्या मधे पाटी घेऊन बसायची, आणि आईची बाजू घेतली तर बाबा रुसतात, बाबांची घेतली तर आई, म्हणून तिने वरची रेघ देणंच सोडून दिलं. आजतागायत ती बोडकीच अक्षरं लिहीत आली. आईने त्यापायी तिचे दरवर्षी दोन गुण कापले, पण ती बधली नाही.

"ओळखीचं आहे?" डॉक्टरने विचारलं. तिने मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते तिलाही कळलं नाही. बाबा आईच्या हाताने लिहितायत. मग आईचा हात कुठे आहे?

सहा पत्रं, म्हणजे तीन महिने. ती बाकावर येऊन बसली आणि तीन महिने उलटे मोजायला लागली. शिकवलं होतं तसंच, शेवटाकडून सुरुवातीकडे. बरोबर तीन महिन्यांपूर्वी पाच दिवस आई फोनवर आली नव्हती. घसा बसलाय, असं बाबा म्हणाले होते, आणि तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. सहाव्या दिवशी आई आली तेव्हा तिचे शब्द जरा जड येत होते. दाढ काढलीय, म्हणाली. घसा आणि लगेच दाढ, दोन्ही एका आठवड्यात, आणि या भावी तज्ज्ञ लेकीला काही म्हणजे काही खटकलं नाही. मग दोन सत्रांमधली सुट्टी आली. घरात रंगकाम काढलंय, झोपायला जागा नाही, येऊ नकोस, असं आई म्हणाली. ज्या घरात जन्मभर एक माणूस रंगारी होता आणि तरी बावीस वर्षं भिंतींना रंग लागला नव्हता, त्या घरात अचानक रंगकाम. तिला तेही पटलं. आणि कात्रणं! ती उठली, पिशवीतून कात्रणांची फाईल काढली. शेवटच्या सहा पार्सलांतल्या एकाही कात्रणावर लाल पेनाची खूण नव्हती. आई कात्रणं कात्रीने कापायची, कोपरा अन् कोपरा नीट. ही मोजपट्टी दाबून फाडलेली होती. बाबा पत्र्यावरचा कागद फाडायचे तशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. परक्या माणसाच्या मृत्युपत्रातला एक काना ती तासभर न्याहाळत बसत होती, आणि आईची पत्रं मात्र जेवताना एका हाताने चाळून, मोज्यांपाशी हसून, ट्रंकेत टाकत होती. डॉक्टरने ती दोन दिवस वाचली. तिने ती तीन महिन्यांत धड वाचली नव्हती.

रागही आला. हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. दोघांनी मिळून आपल्याला मूर्ख बनवलं, आणि तेही इतक्या सहज. पण तो राग फार वेळ टिकला नाही, कारण का बनवलं ते तिला ठाऊक होतं. ती वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा तीन वर्षांनी मोठी होती. ती पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना बाबा शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि ती कुणाला न विचारता पुस्तकं बांधून घरी आली. दोन दिवसांसाठी आली ती तीन वर्षं राहिली. बाबांना उठवलं, बसवलं, चालवलं, आणि मग ते पुन्हा बोर्ड रंगवायला लागले तेव्हा शिडी धरून उभी राहिली. तिचं काही बिघडलं नाही, असं तिचं मत होतं. उलट दोरा ताणून धरायला ती तेव्हाच शिकली. पण आईने ते मनाला लावून घेतलं. शेजारच्या मुलीच्या पदवीचे पेढे वाटले गेले त्या दिवशी आई स्वयंपाकघरात भांडी अशी घासत होती की आवाज बाहेरच्या खोलीत यावा. पुन्हा शिकायला निघाली तेव्हा बसथांब्यावर आईने तिचा दंड घट्ट धरून सांगितलं होतं, आता घराला आग लागली तरी मागे बघायचं नाही. आईने आपला शब्द पाळला होता. शेवटच्या परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

बाई आपल्या टेबलापाशी उभ्या राहून थर्मासमधला चहा पीत होत्या. त्यांना खायची बंदी लागू नव्हती, किंवा असली तरी ते सांगायची कुणाची छाती नव्हती. डॉक्टरने त्यांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण तिचं पाकीट टेबलावर उघडून ठेवलेलं होतं. "यातलं विधान तुझं आहे," बाई म्हणाल्या. "वीसही कागद आईच्या हातचे, मला व्यक्तिशः माहीत आहे. खाली सही. आता काय म्हणतेस?" ती म्हणाली, विधान चुकीचं आहे. मला माहीत नव्हतं. मला फक्त वाटत होतं. बाईंनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. ते फाडायचं नाही, नवं लिहायचं आणि जुनं त्याला जोडायचं, ही त्यांची शिस्त. मग त्यांनी सहातलं एक पत्र उजेडाकडे तिरकं धरलं आणि त्यांच्या कपाळावर एक आठी आली. "कुणी लिहिलंय?"

"बाबांनी. ते बोर्ड रंगवतात."

"तरीच रेघ अशी." बाई बराच वेळ पत्र बघत होत्या. "पैशासाठी नक्कल करणारा सहीपुरती करतो. चार-चार पानं कोण लिहीत बसतं?" मग त्यांनी तिच्याकडे न बघता अंधाऱ्या खोलीची किल्ली काढून दिली. कागदांच्या गठ्ठ्यावर लिहिलं की वरच्या कागदावरचा दाब खालच्या कागदावर उतरतो. शाई नसते, नुसते चरे असतात, आणि दिवा अगदी आडवा धरला की ते सावलीने दिसतात. हे त्यांनी तिला पहिल्या सत्रात शिकवलं होतं, आता पुन्हा सांगायचं कारण नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शेवटच्यापासून सुरू कर."

अंधाऱ्या खोलीत भरदुपारीही अंधारच असतो. डॉक्टर आत आला, दिवा टेबलाच्या पातळीला बसवून दिला, आणि "मी बाहेर आहे, हाक मार," म्हणून गेला. गुणांचं त्याने नावही काढलं नाही. तिने सहावं पत्र, म्हणजे सगळ्यात अलीकडे आलेलं, काचेवर पसरलं. आडव्या उजेडात कागद एखाद्या नांगरलेल्या शेतासारखा दिसायला लागला. निळ्या ओळींच्या मधे पुसट चरे होते, पण ते फक्त मागच्या पानाचे. कच्चा सराव नव्हता. बाबांचा हात बसला होता. पाचव्यातही तसंच. चौथ्या पत्रात समासाच्या बाजूला 'ळ' पाच-सहा वेळा गिरवलेला सापडला. तिसऱ्यात 'ळ' आणि 'क्ष', आणि 'मोजे' हा शब्द चारदा. चौथ्या वेळचा चांगला जमला होता. दुसऱ्यात पूर्ण ओळीच्या ओळी. बाबा डोळ्यांवर जुना चष्मा चढवून, जीभ दातांत धरून, पत्र्यावर लिहिताना बसतात तसे बसलेत, आणि समोर आईची जुनी पत्रं उघडून ठेवलीत, हे तिला इतकं नीट दिसलं की तिने दिवा क्षणभर बंद केला. मग पुन्हा लावला आणि पहिलं पत्र ठेवलं.

पहिल्या पत्रावर एकच वाक्य होतं. शाईच्या ओळींच्या आड, वरपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा. बाकी सगळं ठीक आहे. बाकी सगळं ठीक आहे. तिने मोजलं. अकरा वेळा. पहिल्या दोन वेळा ते सरळ बोर्डाचं अक्षर होतं, ठसठशीत, एखाद्या दवाखान्याच्या दारावर शोभेल असं. मग हळूहळू ते मऊ होत गेलं, 'क'ला पोट आलं, 'ळ' बुटका झाला. अकराव्या वेळी आई हुबेहूब. आईचं सगळ्यात नेहमीचं वाक्य बाबांनी सगळ्यात आधी घोटलं होतं, कारण तेच सगळ्यात जास्त खोटं होतं, आणि म्हणून तेच चुकून चालणार नव्हतं. तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. काचेवर काही पडू नये म्हणून ती मागे सरकली. ओला कागद फुगतो आणि चरे जातात, एवढं भान तिला तेव्हाही होतं.

दिवा काढता काढता तिचा हात जरा हलला, उजेड वेगळ्या बाजूने आला, आणि कागदाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात आणखी काहीतरी उठलं. अकरा ओळींच्याही आधीचं, कारण बाबांची पहिली ओळ त्याच्यावरून गेली होती. मोठी मोठी अक्षरं, एक वर, एक खाली. 'ले'ची मात्रा निसटून भलतीकडे गेलेली. 'की' पाशी पेन इतकं रुतलेलं की कागद जवळजवळ फाटला असावा. आणि 'स' सुरू होऊन, वळण न घेता, सरळ कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेलेला. लेकीस. त्या शब्दावर रेघ नव्हती. खाली नव्हती, वर नव्हती, कुठेच नव्हती. बाबांनी लिहिलं असतं तर रेघ आधी आली असती. आई रेघ शेवटी देते, आणि शेवटापर्यंत हात पोचलाच नव्हता. आई स्वतः लिहायला बसली होती. खोटं लिहिण्यासाठी का होईना, ती स्वतः बसली होती, आणि पहिल्याच शब्दात तिचं घर छपराविना उघडं पडलं होतं. मग पेन बाबांनी उचललं असणार. काय बोलली असतील तेव्हा दोघं? आईने फक्त सांगितलं असेल, तुम्ही लिहा, मी सांगते. म्हणजे शब्द आईचेच. मोजेही आईचेच.

बाहेर येऊन तिने नवं विधान लिहिलं. चौदा कागद आईच्या हातचे, सहा वडिलांच्या. खाली सही केली. डॉक्टरच्या अहवालावर 'निष्कर्ष बरोबर' असं लिहिलं आणि पुन्हा सही केली. अहवालात 'दुसऱ्या व्यक्तीने केलेली नक्कल' असं छापील वाक्य होतं. हेतू काय, असा रकाना कुठेच नव्हता. तिने बाईंना विचारलं, हेतू कुठे लिहायचा. "आपण लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "तो आपल्याला दिसत असला तरी नाही." मग किल्ली परत घेताना त्यांनी तिचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला आणि विचारलं, घरी कधी जाते आहेस.

तिला तेच कळत नव्हतं. जिन्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी होती, तिथे ती फोन हातात घेऊन उभी राहिली. आत्ताच्या आत्ता बस पकडायची, हे पायांना सुचत होतं. बाबा पडले तेव्हा पाय तसेच निघालेही होते. पण तशी गेली तर आईने तीन महिने दात-ओठ आवळून राखलेलं सगळं मातीत जाणार. दारात लेक बॅग घेऊन उभी दिसली की आई काय समजेल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. आणि काही माहीतच नाही असं दाखवून पाच आठवडे काढायचे, तर दोघं तिकडे खोटं लिहिणार, ही इकडे खोटं वाचणार, आणि आई रोज त्या हाताकडे एकटी बघणार. घोडं इथेच पेंड खात होतं. खाली मावशींनी ती काच लख्ख पुसली होती आणि आता दोन पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून, कुठे डाग राहिला का बघत होत्या. तिने घरचा नंबर लावला.

"आज कशी काय?" आईने विचारलं. शब्द अजून जरासे जड होते. इतके दिवस ती त्याला दाढ समजत होती. "आज तुझा वार नाही."

अक्षरांचा सराव होता, असं तिने सांगितलं. मग किती गुण, असं आईने विचारलं, आणि ती म्हणाली, गुण सगळे जोडीदाराला गेले, मी तोंडावर आपटले. आई म्हणाली, नीट बघितलं नसशील, तुझं पहिल्यापासून तसंच. तिने खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं.

"आई, बाबांना एक निरोप देशील?"

"सांग की."

"म्हणावं, वरची रेघ शेवटी द्यायची."

पलीकडे नळाचा थेंब वाजत होता. तो गळका नळ, म्हणजे निदान नळ तरी खरा होता. मग आईचा आवाज आला, पण तो फोनपासून दूर, घरात कुणाला तरी उद्देशून होता. "ऐकलंत? मी सांगत नव्हते? दर पत्राला सांगितलं, अहो, रेघ शेवटी. पण ऐकतात कुठे." शेवटच्या शब्दाशी तो आवाज मोडला. मग खुर्ची सरकली, आणि फोनवर बाबा आले. मग कारागिराने विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "पण बाकी जमलं होतं ना?"

"फार छान जमलं होतं बाबा," ती म्हणाली. "मी फसले की."

त्यानंतरचं बोलणं तिघांचं होतं, आणि त्यात कोण काय म्हणालं ते तिला नंतर वेगवेगळं करता आलं नाही. झटक्याने उजवी बाजू गेली होती, पण पाय सुधारलाय, काठीने गच्चीपर्यंत जाते. बोलणं आलंय. हात मात्र यायला तयार नाही. "हाताचं तेवढं राहिलंय, बाकी..." असं आई म्हणाली आणि स्वतःच थांबली. आणि मग लगेच मास्तरीणबाईंच्या आवाजात, "पळत यायचं नाही. परीक्षा द्यायची." ती म्हणाली, परीक्षा देणार, आई. शपथेवर सांगते. पण शनिवारच्या बसने येणार, रविवारी तुझ्यापाशी बसणार, सोमवारी सकाळी वर्गात असणार, आणि पाचही आठवडे हेच चालणार. आणि यापुढे काहीही ठीक आहे असं मला लिहायचं नाही, ते ठीक असल्याशिवाय. आईने बराच वेळ विचार केला. दुसऱ्याची उत्तरपत्रिका तपासताना करायची तसा. मग म्हणाली, बरं, चालेल. येताना तुझे मोजे आण, बघू दे कसे आहेत.

शुक्रवारी पार्सल आलं. बदाम, सुईदोरा, फाडलेली कात्रणं. शनिवारी ती स्वतःच जाणार होती तरी पार्सल आलं, कारण पंधरवडा भरला होता. ती खोलीत पलंगावर बसली, दार लावून घेतलं, आणि चारही पानं अक्षर न् अक्षर वाचली. भिंग लागलंच नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटी, घाबरत घाबरत दिलेली, कुठे लांब, कुठे आखूड, कुठे उतरती. बाबांनी जन्मात इतकं वाईट लिहिलं नव्हतं. शेवटी 'बाकी सगळं' पर्यंत बाबांचा हात होता, आणि तिथून पुढे पान रिकामं सोडलेलं होतं. त्या रिकाम्या जागेत, खूप खाली, डाव्या हाताने लिहिलेला एकच शब्द. मोठा, वेडावाकडा, पहिलीतल्या मुलाने लिहावा तसा, पण पूर्ण. 'भेटल्यावर.' अक्षरं उघडी होती, वर काहीच नव्हतं. बाजूला बाबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रेघ मारतो म्हणालो तर हात धरला माझा. म्हणते, ती लेकीसाठी ठेवली आहे."

तपासायच्या कागदाला पेन लावायचं नाही, हा त्यांच्या विद्येतला पहिला नियम. पेनच काय, पेन्सिलचं टोकसुद्धा नाही. बाईंनी तो नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला होता. तिने पत्र गुडघ्यावर वहीवर ठेवलं, पेनाचं टोपण काढलं, आणि 'भ'च्या आधीपासून 'र'च्या पुढेपर्यंत, एका दमात, वरची रेघ दिली.